पाण्यातलं ‘औषध’ कुठे गेलं? – लपलं, हललं की मोडलं?

इयत्ता : ५ वी ते ८ वी
विषय : परिसर अभ्यास, सामान्य विज्ञान, गणित (थोडंसं)
वेळ : दोन तासिका आणि एक कडक उन्हाचा दिवस



शेतकरी घरातल्या मुलांना कीटकनाशक हा शब्द पुस्तकात भेटतो. घरात मात्र त्याचं नाव ‘औषध’. “बाबा औषध मारायला गेलेत”, “औषधाची बाटली गोठ्यात आहे”, असंच मुलं बोलतात. खोकल्याचं तेही औषध आणि कापसावर, द्राक्षावर, टोमॅटोवर मारायचं तेही औषध! या एका शब्दामुळे मुलांच्या मनातली भीती निघून जाते. म्हणून पाण्याचा पाठ शिकवताना पहिली गोष्ट मी ही करते की फळ्यावर दोन रकाने आखून ‘माणसाचं औषध’ आणि ‘किडीचं विष’ असं वेगळं लिहून घेते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. ते विष श्वासातून आणि कातडीतून गेलं होतं. पाण्यातून जाणारं विष इतकं गाजावाजा करत नाही. पंप ओढ्यात धुतला, रिकामी बाटली विहिरीच्या कडेला टाकली, पहिल्या पावसाने शेतातलं पाणी नाल्याला गेलं. पाणी दिसायला स्वच्छच राहतं, त्याला वासही नसतो. मग मुलांना शिकवायचं कसं की इथे काहीतरी आहे?

या पाठात एकच प्रश्न धरून चालायचं आहे : “पाण्यातलं विष गेलं असं आपण म्हणतो, तेव्हा ते नेमकं कुठे गेलं?”

फळ्यावर तीन शब्द लिहा – लपलं, हललं, मोडलं. सगळा पाठ या तीन शब्दांवर उभा आहे. शेवटी एक चौथा शब्दही येईल.

भाग १ : लपलं (१० मिनिटे)

पेलाभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा. “साखर दिसते का? मग ती गेली का?” मुलं हसतात. चव घेतली की कळतं, आहे की! दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही.

इथेच सांगून टाका की साखर चाखली तसं ओळखू न येणारं पाणी चाखायचं नसतं. शिवाय विषाच्या बाबतीत मात्रा इतकी कमी असते की चव लागणारच नाही. किती कमी? युरोपीय संघाच्या नियमानुसार पिण्याच्या पाण्यात कोणतंही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे भारतीय मानकात (आयएस १०५००) प्रत्येक कीटकनाशकाची मर्यादा वेगळी आहे, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस १ मायक्रोग्रॅम, क्लोरपायरीफॉस ३० मायक्रोग्रॅम.

आकडा मुलांना कळत नाही, टँकर कळतो. म्हणून हे गणित द्या : १ ग्रॅम विष पाण्यात मिसळलं. ते ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर इतकं पातळ करायला किती पाणी लागेल? उत्तर – १ कोटी लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे एक हजार टँकर! एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. चिमूटभर विष आणि हजार टँकर, हे चित्र मुलं विसरत नाहीत.

भाग २ : हललं (२० मिनिटे)

साहित्य : माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळणारं मिथिलीन ब्लू (माशांसाठीचं निळं औषध), त्याच दुकानातला फिल्टरचा काळा कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन), कापूस, कापलेली प्लास्टिकची बाटली.

पाण्यात निळ्या द्रवाचे एक-दोन थेंब टाका. आभाळासारखा फिका रंग आला की पुरे. बाटलीच्या तोंडाशी कापूस, वर धुतलेला कोळसा आणि त्यावरून हे पाणी हळूहळू सोडा. खाली बरंचसं रंगहीन पाणी पडतं. मुलं टाळ्या वाजवतात.

आता प्रश्न विचारा, “रंग कुठे गेला?” थोडं थांबा. कुणीतरी म्हणतंच, “कोळशात!” बरोबर. रंग संपला नाही, जागा बदलून कोळशाच्या बारीक छिद्रांना चिकटून बसला. कोळसा भरला की तो पुढचा रंग धरणार नाही. आणि तो कोळसा आपण ओढ्यात फेकला तर?

पालकांसाठीही हा मुद्दा महत्त्वाचा आहे. घरोघरी पाणी शुद्ध करायच्या ज्या पद्धती आहेत, त्यांना हाच प्रश्न लावून पाहू :

* तुरटी – गाळ खाली बसवते. विरघळलेलं कीटकनाशक बहुतांशी तसंच राहतं.
* उकळणं – जंतू मरतात. बहुतेक कीटकनाशकं जात नाहीत, उलट पाणी आटलं की प्रमाण थोडं वाढतंच.
* क्लोरीन (मेडिक्लोर वगैरे) – जंतूंसाठी उत्तम. पण क्लोरपायरीफॉससारख्या काही कीटकनाशकांचं रूप ते बदलतं आणि नवं रूप जास्त विषारी असू शकतं.
* पारदर्शक बाटलीत सहा तास कडक ऊन देणं – स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातले जंतू मारण्यासाठी चांगली पद्धत. कीटकनाशकासाठी नाही.
* कोळशाचा फिल्टर – बरीच कीटकनाशकं धरून ठेवतो. म्हणजे विष हललं.
* आरओ – बरीच कीटकनाशकं गाळतो. पण गाळलेलं विष त्याच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जातं. म्हणजे पुन्हा हललंच.

जंतू मारणं आणि विष काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं जरी मुलांच्या वहीत उतरलं तरी अर्धा पाठ झाला. (क्लोरीनबद्दल वाचून कुणी पाण्यात क्लोरीन टाकणं बंद करू नका. जुलाब-कावीळीचा धोका समोर उभा असतो. विष मुळात पाण्यात येऊच नये, हा त्यावरचा उपाय.)

भाग ३ : मोडलं (मुख्य भाग)

आता खरी गंमत. असं काही आहे का, जे विषाला एका जागेवरून दुसरीकडे न नेता त्याचे तुकडे-तुकडे करून टाकील? आहे. त्याला लागतात तीन गोष्टी : ऊन, हवा आणि एक पांढरी पूड.

ही पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. नाव अवघड आहे, पण ओळख जुनी. ऑइल पेंटचा पांढरा रंग, टूथपेस्टचा पांढरेपणा, उन्हात लावायचं क्रीम यांत तीच असते. ऊन खाल्लेल्या जुन्या पांढऱ्या दारावर हात फिरवला की हाताला पांढरी पूड लागते ना? ऊन पडलं की ही पूड तिला धरून ठेवणारा रंगाचा थर हळूहळू कुरतडते, हे त्यामागचं एक कारण. रंग बनवणाऱ्यांना ही डोकेदुखी होती, म्हणून आता ते पुडीच्या कणांवर दुसऱ्या पदार्थाचा पातळ लेप देतात. (म्हणूनच रंगाच्या दुकानातली पूड आपल्या प्रयोगाला चांगली नाही.)

रंगवाल्यांची हीच डोकेदुखी पाण्यासाठी कामाला आली. टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्याकडे अकिरा फुजिशिमा नावाचा विद्यार्थी काम करत होता. पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक तारेने प्लॅटिनमला जोडून ठेवला आणि स्फटिकावर प्रकाश टाकला, तर पाण्याचे ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळे होऊ लागले. १९७२ साली हे ‘नेचर’ नियतकालिकात छापून आलं. पुढे १९७६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की याच पुडीने प्रकाशात पाण्यातल्या पीसीबी नावाच्या चिवट क्लोरीनयुक्त रसायनांतला क्लोरीन सुटा होतो. तिथून कीटकनाशकांकडे वळणं ओघानेच आलं.

पुडीच्या कणात घडतं काय?

सातवी-आठवीच्या मुलांना मी दुमजली वाड्याचं उदाहरण देते. कण म्हणजे वाडा. खालचा मजला इलेक्ट्रॉनांनी खचाखच भरलेला, वरची माडी रिकामी. मध्ये जिना नाही. उन्हातला एक जोरकस किरण आला की तो एका इलेक्ट्रॉनला उचलून थेट माडीवर टाकतो. आता दोन गोष्टी झाल्या : माडीवर एक मोकळा इलेक्ट्रॉन आणि खाली एक रिकामी जागा.

* खालची रिकामी जागा भुकेली असते. ती कणाला चिकटलेल्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते. त्यातून तयार होतो हायड्रॉक्सिल रॅडिकल.
* माडीवरचा इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. म्हणूनच हवा लागते. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन परत खाली पडतो आणि सगळी मेहनत वाया. खरं तर ऑक्सिजन असूनही बरेच इलेक्ट्रॉन परत पडतातच.

हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणजे एक अर्धवट, अस्वस्थ कण. तो क्षणभरही एकटा राहू शकत नाही. जवळ जो सेंद्रिय रेणू सापडेल त्याचा लचका तोडतो. असे लचके तुटत-तुटत कीटकनाशकाचा मोठा रेणू लहान होत जातो. पुरेसा वेळ मिळाला तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, क्लोरीनचा क्लोराइड, फॉस्फरसचा फॉस्फेट, गंधकाचा सल्फेट होतो. पूड मात्र आहे तशीच राहते. स्वतः न संपता काम घडवून आणते, म्हणून तिला उत्प्रेरक म्हणायचं. प्रकाशात काम करतो तो प्रकाश-उत्प्रेरक.

मग सगळं ऊन का चालत नाही?

माडी उंच आहे. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये ही उंची सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढी उडी मारून देणारा किरण म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीचा, अतिनील किरण. दिसणारा प्रकाश कितीही ओतला तरी उपयोग नाही. मुलांना असं सांगा : झाडाचा वरचा पेरू काढायचा आहे. दहा लहान मुलांनी उड्या मारल्या तरी हाती लागत नाही. एका उंच मुलाची एक उडी पुरते. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अशी ‘उंच मुलं’ शंभरात जेमतेम चार-पाच असतात. म्हणूनच जगभरचे संशोधक कमी उंचीच्या माडीचे उत्प्रेरक शोधत आहेत, म्हणजे दिसणारा प्रकाशही कामी येईल. कार्बन आणि नायट्रोजनपासून बनवलेली एक पिवळसर पूड (ग्राफायटिक कार्बन नायट्राइड) त्यातलीच, तिची माडी सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टची.

वर्गात करायचा प्रयोग

आधी पक्का नियम : प्रयोगासाठी कीटकनाशक वापरायचं नाही. एक थेंबही नाही. रिकामी बाटलीसुद्धा नाही. विषाच्या जागी निळा रंगच घ्यायचा.

साहित्य : मिथिलीन ब्लू, झिंक ऑक्साइडची पूड (औषध दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळते, तीही प्रकाश-उत्प्रेरकच आहे), तीन पसरट पांढऱ्या वाट्या, ढवळायला तीन काड्या, हातमोजे, मास्क. वाट्या पुन्हा खाण्यासाठी वापरायच्या नाहीत. पूड आणि रंग शिक्षकांनीच हाताळायचा.

कृती : तिन्ही वाट्यांत सारखंच फिकं निळं पाणी, प्रत्येकी २०० मिली.

* वाटी क – रंग + पाव चमचा पूड, उन्हात
* वाटी ख – फक्त रंग, उन्हात
* वाटी ग – रंग + पाव चमचा पूड, बंद कपाटात

अकरा ते तीनच्या उन्हात ठेवा. झाकण किंवा काच ठेवू नका, काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते. दर दहा मिनिटांनी प्रत्येक वाटी तिच्या स्वतःच्या काडीने ढवळा. ढवळल्याने पूड वर येते आणि हवाही मिसळते. कपाटातली वाटीसुद्धा ढवळायची हं, नाहीतर तुलना खोटी ठरेल! दर अर्ध्या तासाने पूड खाली बसू द्या आणि रंग वहीत नोंदवा : गडद, मध्यम, फिका, रंगहीन.

‘क’ वाटी सगळ्यांत आधी फिकी पडते. ‘ख’ही उन्हाने हळूहळू फिकी होते, पण मागे राहते. ‘ग’ किंचित फिकी झाली तर मुलांना विचारा, हे कोणत्या शब्दात बसतं? थोडा रंग पुडीला चिकटला, म्हणजे हललं. तीन वाट्या का घेतल्या, हे मुलांनी स्वतः सांगायला हवं. एकच वाटी घेतली असती तर ऊन की पूड, श्रेय कुणाला द्यायचं ते कळलंच नसतं.

प्रयोग झाला की पाणी एक दिवस स्थिर ठेवा, वरचं पाणी जाड कापडातून गाळा, पूड वाळवून डबीत ठेवा. विहिरीजवळ किंवा ओढ्यात काहीही ओतायचं नाही. सांडायचं कुठे, हाही पाठाचाच भाग आहे.

भाग ४ : चौथा शब्द – अर्धवट मोडलं

इथे बहुतेक पाठ संपतात. रंग गेला, टाळ्या, घंटा. पण माझ्या मते या विषयाचा खरा गाभा इथूनच पुढे आहे.

रंग गेला म्हणजे रेणूचा रंग देणारा भाग बिघडला. बाकीचा रेणू पाण्यात असू शकतो. मिथिलीन ब्लूचं तर असं आहे की तो न मोडताही रंगहीन होऊ शकतो. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत ग्लुकोज आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात त्याचा रंग जातो आणि बाटली हलवली की निळा रंग परत येतो! (हा प्रयोग प्राथमिकच्या मुलांना करायला देऊ नका. सोडा कातडी जाळतो.)

कीटकनाशकाच्या बाबतीत ही गंमत राहत नाही. दोन उदाहरणं पाहा.

क्लोरपायरीफॉस : त्याच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेला असतो. मोडतोडीच्या पहिल्या टप्प्यात गंधक जाऊन तिथे ऑक्सिजन बसतो. तयार होतो क्लोरपायरीफॉस ऑक्सॉन. आपल्या मज्जातंतूंचं काम सुरळीत ठेवणारं जे एन्झाइम हे विष बंद पाडतं, ते बंद पाडण्यात ऑक्सॉन मूळ पदार्थापेक्षा कितीतरी जोरदार असतो. म्हणजे यंत्रावर ‘क्लोरपायरीफॉस शून्य’ असं दिसेल, आणि पाणी मात्र त्या घडीला आधीपेक्षा जास्त घातक असेल! ऊन आणि पूड आणखी काही वेळ मिळाली तर ऑक्सॉनही मोडतो. घाई केली तर नाही.

अ‍ॅट्राझीन हे तणनाशक : टायटॅनियम डायऑक्साइड त्याच्या फांद्या एकेक करून तोडतं, पण मधलं कडं तुटत नाही. शेवटी सायन्यूरिक आम्ल उरतं आणि गाडी तिथेच थांबते. हे आम्ल अ‍ॅट्राझीनच्या मानाने बरंच कमी विषारी आहे, पण ‘सगळं संपलं’ असं म्हणता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ फक्त मूळ विष मोजून थांबत नाहीत. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला तेही मोजतात, आणि पाण्यातल्या लहान जिवांवर त्या पाण्याचा परिणाम तपासतात. मुलांच्या भाषेत : फक्त ‘पाटी पुसली का’ ते नाही, ‘खडूची पूड कुठे पडली’ तेही बघायचं.

हे खरोखर कुठे वापरतात?

कीटकनाशक आणि ऊन दोन्ही भरपूर असलेली एक जागा म्हणजे स्पेनच्या दक्षिणेचा आल्मेरिया प्रांत. तिथे हजारो हेक्टरवर प्लास्टिकच्या हरितगृहांत टोमॅटो, मिरची, काकडी पिकते. अवकाशातून पाहिलं तर हा भाग पांढरा दिसतो. एवढी शेती म्हणजे औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा डोंगर. बाटल्यांचं प्लास्टिक पुन्हा वापरायचं तर ते धुवावं लागणार आणि धुतलेल्या पाण्यात सगळ्या विषांची खिचडी असणार. त्याच प्रांतात ताबेर्नासच्या वाळवंटी भागात सौरऊर्जेचं मोठं संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधनाच्या आधारावर हे धुण्याचं पाणी उन्हाने शुद्ध करणारी यंत्रणा उभी राहिली. काचेच्या नळ्यांतून पाणी फिरतं आणि मागे वळवलेले चकचकीत पत्रे ऊन नळ्यांवर सगळीकडून टाकतात.

या कामात पांढऱ्या पुडीबरोबर तिची चुलत बहीणही पुढे आली : लोखंडाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये या जोडीचा प्रताप नोंदवला होता. त्यात उन्हाची भर पडली की काम आणखी वेगाने होतं. तिथेही तोच हायड्रॉक्सिल रॅडिकल लचके तोडतो. अडचण एवढीच, पाणी चांगलंच आंबट करावं लागतं आणि नंतर पुन्हा उदासीन करावं लागतं.

यात शिकण्यासारखं काय? हे तंत्र नदीसाठी वापरलेलं नाही. विष जिथे थोड्या पाण्यात एकवटलेलं आहे, तिथे ते वापरलं.

मुलं विचारतात असे प्रश्न

*“मॅडम, मग ही पूड आपल्या ओढ्यात टाकली तर?”*
ओढ्याचं पाणी गढूळ असतं, ऊन आत जात नाही. पाण्यातला पालापाचोळ्याचा अर्कच रॅडिकल खाऊन टाकतो. आणि टाकलेली बारीक पूड परत काढणार कशी? विष काढायला जाऊन आपणच नवा कचरा टाकू.

*“आमच्या बोअरच्या पाण्यात?”*
जड पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं. ते रॅडिकलला मध्येच अडवतं, विषापर्यंत पोचू देत नाही. शिवाय किती वेळात पूर्ण मोडलं हे तपासायला प्रयोगशाळा लागते. म्हणून घरी असा प्रयोग करून पाणी अजिबात प्यायचं नाही.

*“पूड परत-परत वापरता येते?”*
येते. म्हणूनच शास्त्रज्ञ ती काचेवर किंवा जाळीवर चिकटवून पाहतात. मग गाळायची कटकट नाही. पण चिकटवली की पाण्याला टेकणारा पृष्ठभाग कमी होतो आणि काम मंदावतं. काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावं लागतं.

*“पावसाळ्यात काय?”*
छान प्रश्न! ढगाळ दिवसातही थोडे अतिनील किरण येतात, पण वेळ जास्त लागतो. आणि नेमकं पावसाळ्यातच शेतातलं विष वाहून येतं. उत्तर मुलांनाच शोधू द्या.

पालकांसाठी : उन्हाच्या आधीचा उपाय

एवढं महागडं, वेळखाऊ तंत्र वापरून जे मोडायचं, ते पाण्यात जाऊच न देणं आपल्या हातात आहे. त्यासाठी सातवीचं गणित पुरतं.

बाटली उपडी केल्यावरही समजा १० मिली औषध आत उरलं. त्यात २४० मिली पाणी घालून, हलवून, ओतून दिलं. पुन्हा १० मिली मिश्रण उरलं. त्यात मूळ औषध किती?

* पहिल्यांदा धुतल्यावर : ०.४ मिली
* दुसऱ्यांदा : ०.०१६ मिली
* तिसऱ्यांदा : ०.०००६४ मिली

तेवढंच ७२० मिली पाणी एकदम घालून एकदाच धुतलं असतं तर? सुमारे ०.१४ मिली उरलं असतं, म्हणजे दोनशे पटींहून जास्त! पाणी तेवढंच, फक्त तीनदा विभागलं. मुलांकडून हे गणित सोडवून घ्या आणि घरी दाखवायला सांगा.

आता त्या धुवणाचं काय? तेच मुख्य. बाटली फवारणीचं मिश्रण करतानाच तीनदा धुवायची आणि धुवण पंपात ओतायचं. म्हणजे विकत घेतलेलं औषध पिकावर जातं, ओढ्यात नाही. पैसेही वाचतात. याशिवाय :

* पंप विहिरीवर, ओढ्यावर, हौदावर किंवा बोअरजवळ धुवायचा नाही. धुवण त्याच शेतात, पाण्यापासून लांब जिरवायचं.
* रिकामी बाटली भोक पाडून निकामी करायची. त्यात तेल, रॉकेल, पाणी काहीही भरायचं नाही. जाळायचीही नाही.
* बाटलीवरचा हिऱ्याच्या आकाराचा चौकोन बघायचा. खालचा त्रिकोण लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सुरक्षित नव्हे, इतरांपेक्षा कमी विषारी एवढंच.
* पंपात पाणी ओतायला, बाटली आणून द्यायला मुलांना सांगायचं नाही.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. साखर विरघळणे, कोळशाने रंग जाणे आणि उन्हात पुडीने रंग जाणे – यांतला फरक एकेका वाक्यात लिहा.
२. कपाटातल्या वाटीची गरज काय होती?
३. “आमच्या यंत्राने पाण्यातलं कीटकनाशक शंभर टक्के नाहीसं होतं”, असं जाहिरातीत म्हटलं आहे. विक्रेत्याला तुम्ही कोणते दोन प्रश्न विचाराल?
४. तुमच्या घरी किंवा शेजारी रिकाम्या बाटल्या कुठे जातात, ते मोठ्यांना विचारून लिहा. (बाटल्यांना हात लावायचा नाही.)

तिसऱ्या प्रश्नाला एका मुलीने लिहिलं होतं : “ते कुठे गेलं? आणि त्याचं काय झालं?” मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही. रसायनांची नावं मुलं विसरतील, ३८७ हा आकडा तर नक्कीच विसरतील. पण ‘गेलं’ या शब्दावर समाधान न मानता ‘कुठे?’ असं विचारायची सवय लागली, तर उद्या हीच मुलं शेतात पंप धुताना दोन पावलं ओढ्यापासून लांब जातील. तेवढ्यासाठी दोन तासिका आणि एक दिवसाचं ऊन खर्ची पडलं तरी हरकत नाही.